कृत्रिम माशीची मासेमारी : साधनांचा मेळ
पिसे, केस व धागा गळाला बांधून केलेल्या कीटकाच्या प्रतिकृतीने मासे पकडण्याचा क्रीडाप्रकार. या प्रतिकृतीस ‘कृत्रिम माशी’ म्हणतात. ब्रिटनमध्ये या प्रकाराची परंपरा जुनी आहे. भारतात १९०० च्या सुमारास काश्मीरच्या प्रवाहांत ट्राउट मासे सोडण्यात आल्यानंतर तो तेथेही रुजला.

नेहमीच्या गळाला आमिष किंवा शिशाचे वजन असते. ते फेकले, की बारीक दोरी त्यामागून ओढली जाते. कृत्रिम माशी अत्यंत हलकी असल्याने अशी फेकता येत नाही. येथे आवश्यक ते वजन दोरीतच असते. हवेत लांबलेल्या दोरीच्या भाराने काठी धनुष्यासारखी वाकते व एकदम थांबविली असता सरळ होताना दोरीला पुढे झेप देते. दोरीबरोबर माशीही जाते. म्हणून माशाच्या व माशीच्या आकारमानानुसार प्रथम दोरी, नंतर काठी व शेवटी रीळ, असा निवडीचा क्रम असावा.

दोरी : रेशमी दोऱ्या व्यासानुसार अक्षरांनी ओळखल्या जात. नायलॉन व प्लॅस्टिकचा लेप असलेल्या दोऱ्या आल्यावर सारख्या व्यासाच्या दोऱ्यांचे वजन भिन्न भरू लागले. त्यामुळे १९६० नंतर अमेरिकेतील साधन-उत्पादकांच्या संघटनेने वजनावर आधारित क्रमांक ठरविले. दोरीच्या पुढील ३० फुटांचे (९·१४ मी.) वजन त्यासाठी धरतात. ते क्र. १ चे ६० ग्रेन (३·९ ग्रॅ.), क्र. ५ चे १४० ग्रेन (९·१ ग्रॅ.), क्र. ८ चे २१० ग्रेन (१३·६ ग्रॅ.) व क्र. १२ चे ३८० ग्रेन (२४·६ ग्रॅ.) असते. लहान ओढ्यांसाठी क्र. ३-४, सर्वसाधारण ट्राउटसाठी ५-६, महसीरसारख्या बलवान माशांसाठी ८ ते १० व मोठ्या सागरी माशांसाठी १० ते १२ वापरतात.

काठी : मुठीजवळ छापलेला क्रमांक तिला योग्य अशा दोरीचा असतो. दोरी फार हलकी असल्यास काठी पुरेशी वाकत नाही. फार जड असल्यास ती अति वाकून दोरी मध्येच कोसळते. नवशिक्या असा दोष आपल्या हाताचा समजतो. दोरीचे मानक असले, तरी काठीचा क्रमांक उत्पादक स्वतःच्या अंदाजाने ठरवितो. ताठ काठीला एक क्रमांक जड दोरी लावण्याचा प्रघात आहे. परंतु अनेक दोऱ्या मुळातच मानकापेक्षा जड असतात. म्हणून वेष्टनावरील ग्रेनचा आकडा आधी पाहावा.

रीळ : फेकीत त्याचा वाटा अल्प असतो. दोरी व तिच्यामागील पूरक दोरी मावावी आणि हातात काठीचा तोल राहावा, एवढे पुरते. मोठ्या माशांसाठी मात्र दोरीच्या धावेला आवर घालणारी भक्कम रोधक यंत्रणा आवश्यक असते.

नवशिक्यास ट्राउटसाठी ९ फूट (२·७४ मी.) लांबीची, मध्यम लवचिक, क्र. ५ किंवा ६ ची काठी. त्याच क्रमांकाची, पुढील भागात वजन असलेली तरंगती दोरी. त्याच क्रमांकाचे रीळ आणि टोकास सु. ९ फूट लांबीचा निमुळता नायलॉन तंतू हा संच सोयीचा ठरतो.

या मेळाचा संबंध केवळ फेकीशी नाही. मोठ्या माशासाठी हलकी साधने वापरल्यास त्याची झुंज लांबते व तो अतिशय थकतो. कोमट, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात असा मासा परत सोडला, तरी मरण्याचा संभव असतो. मासा जिवंत सोडावयाचा असेल, तर पुरेशा वजनाची साधने घेणे हीच पहिली दक्षता होय.