माटवीचा दिवस

पहाटे साडेपाच. उद्या चवथ. पाऊस उघडला आहे तोवर निघायचे. कोयती, दोन टोपल्या आणि घरातली पोरे. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला आमच्या सिंधुदुर्गात माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. तिला बांधायचे सगळे रानातून आणि परसातून येते.

सहा ते नऊ. दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ हा. सड्यावर हरणे पिवळीधमक फुललेली, खाली ओहोळाकडे तेरडा. कुंपणात शेरवड. तिचे ते पांढरे पान म्हणजे फुलाचेच वाढलेले निदल, हे पोरांना दरवर्षी नव्याने दाखवावे लागते. कवंडळांची लालभडक फळे वेलावर लोंबतात. चवीला कडू, पण त्यांच्यावाचून माटवी उघडी वाटते. कळलावी मात्र मीच काढते. कंदापासून फुलापर्यंत तिच्यात कोल्चिसीन हे विष असते, म्हणून तिची ओळख धोक्यासकटच करून द्यायची. तेवढ्यात काका खालून हाक देतात, "मुळासकट उपटू नको रे, फुडल्या वर्साक खंय जातलंस?" एका वेलावरची दोन फळे घ्यायची, बाकीची बियांसाठी ठेवायची, हा त्यांचा नेम.

दहा. चहा, घावणे. केवणीची साल भिजत टाकलेली असते, तिच्या पट्ट्या सोलायच्या. ओल्या सालीची गाठ घट्ट बसते. सुतळीने काम होते, पण मला केवणच हवी.

अकरा ते दोन. चौकट धुऊन पुसून आढ्याला टांगली की आधी आंब्याचे टाळे. मग जड जिन्नस: नारळांची जोडी, सुपारीचे शिपटे, तवस, केळ्यांचा घड. वजन चारी बाजूंना सारखे पडले नाही तर चौकट कलते, म्हणून काका शिडीवर आणि मी खालून नजर लावून. तोरिंजन, कांगण्यांचे घोस मधल्या जागांत. फुले शेवटी, कारण ती आधी कोमेजतात.

दुपारी जेवण. हरतालिकेचा उपास असलेल्या बायकांसाठी फळे.

चार. राहिलेली सुपारी आणायला बाजारात. तिथे कवंडळांचे अख्खे वेल तोडून ढीग लावलेले असतात. विकणाऱ्यांचे पोट त्यावर आहे, हे मान्य. पण कोवळी फळेसुद्धा तोडली तर बी कुठून पडणार? प्लास्टिकच्या फळांची माटवीही हल्ली मिळते. ती माटवी नव्हे. या भूमीत भाद्रपदात जे पिकते, फुलते, ते देवापुढे मांडायचे, एवढाच तिचा अर्थ आहे.

सात. दिवा लावून शेवटची गाठ. गोव्यात सरकारचे कला आणि संस्कृती खाते माटोळीची स्पर्धा घेते, तिथे शेकडो जिन्नस बांधणारी घरे असतात. आमच्या माटवीत तेवढे नसतात, पण प्रत्येकाचे नाव घरातल्या पोरांना येते.

यंदा निदान चार जिन्नस तरी स्वतः रानात जाऊन आणा. सोबत एखादे मूल न्या, आणि वेलावर फळे शिल्लक ठेवा.