मोतीचे अर्धे तिकीट

लोझानच्या स्टेशनावर जावयांनी चार तिकिटे काढली. माणसे तीन, तिकिटे चार. मी मनात बोटे मोजू लागले तेव्हा लेक म्हणाली, "अगं आई, चौथं मोतीचं. त्याला अर्धं तिकीट पडतं."

मोती म्हणजे तिचा कुत्रा. तपकिरी रंग, पडलेले कान, वय वर्षे सात. जन्माने स्विस आणि नावाने मराठी. शेजारीपाजारी त्याला 'मोटी' म्हणतात आणि तो बिचारा त्यालाही ओ देतो. स्वित्झर्लंडच्या रेल्वेत खांद्यापर्यंत तीस सेंटिमीटरांहून बुटका कुत्रा पेटीत किंवा पिशवीत घालून नेला, तर त्याला भाडे नाही. त्याहून मोठ्याला दुसऱ्या वर्गाचे अर्धे भाडे. मात्र तिकीट काढले तरी बाक मिळत नाही. त्याने बाकाखाली बसायचे. म्हणजे मार्तिन्यीपर्यंत मोती माझ्या पावलांना टेकून बसणार, हे ओघानेच आले.

इथे एक कबुली द्यायला हवी. मला कुत्र्यांची भीती वाटते. १९६६ साली मी आठ वर्षांची होते. वाईला आमच्या आळीत एक कुत्रे पिसाळले आणि त्याने माझी पोटरी धरली. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, रोज एक. ज्यांनी ती घेतली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. आठव्या दिवशी मी पलंगाखाली जाऊन बसले, तेव्हा वडिलांनी मला पाय धरून बाहेर ओढले होते. लेकीने आठ दिवस आल्प्समध्ये विसाव्याला जायचा बेत कळवला तेव्हा मी आनंदाने हो म्हटले, पण "मोतीसुद्धा येणार" हे वाक्य तिने विमानाचे तिकीट काढून झाल्यावर सांगितले. लेक माझीच आहे.

गाडी जिनीव्हाच्या सरोवराचा काठ सोडून रोन नदीच्या खोऱ्यात शिरली. मी पाय आवरून बसले आहे हे जावयांच्या ध्यानात आले असावे. बाहेर बोट दाखवून ते म्हणाले, "आई, याच खोऱ्याच्या तोंडाशी कोंबड्यांची मुंडकी टाकली होती." मला वाटले, काही जादूटोण्याची गोष्ट असेल. पण हकीकत निराळीच निघाली. युरोपात रेबीज पसरवत होता तो मुख्यतः रानातला कोल्हा. १९६७ साली हा रोग स्वित्झर्लंडमध्ये शिरला. कोल्हे मारून पाहिले, तरी तो हटेना. शेवटी १९७८ च्या ऑक्टोबरात इथल्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांच्या मुंडक्यांत लशीच्या पुड्या दडवून त्या रानात टाकल्या. कोल्ह्याने मुंडके चावले की पुडी फुटायची, लस तोंडाला लागायची आणि कोल्हा सुरक्षित व्हायचा. रानातल्या कोल्ह्यांना अशी लस जगात प्रथम इथे दिली गेली. रोगाला खोऱ्याच्या दारातच अडवले. पुढे ही युक्ती देशभर, मग युरोपभर गेली आणि १९९९ साली स्वित्झर्लंड रेबीजमुक्त जाहीर झाला.

ऐकून मी पाय थोडे सैल सोडले. थोडेच.

मार्तिन्यीला गाडी बदलून ऑर्सिएर, आणि तिथून बसने वळणावळणाचा घाट चढून शांपे. सुमारे १,४७० मीटर उंचीवरचे हे गाव, मध्ये एक हिरवेगार तळे आणि भोवती देवदारांसारखी उंच झाडी. हॉटेलात मोतीचे रात्रीचे वेगळे पैसे घेतले, पण न मागता पाण्याचे भांडेही आणून ठेवले. जेवणाच्या दालनात चार कुत्री चार टेबलांखाली पडून होती आणि एकाचाही आवाज नव्हता. आपल्याकडच्या पंगतीत इतकी शांतता मी माणसांतही पाहिलेली नाही!

हे कौतुक फुकट मिळत नाही. या देशात कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसवावी लागते, सरकारी यादीत नाव घालावे लागते आणि वर्षाला कर भरावा लागतो. वाटेवर ठिकठिकाणी हिरव्या पेट्या असतात. त्यांतली पिशवी घ्यायची, कुत्र्याने केलेली घाण उचलायची आणि त्याच पेटीत टाकायची. चांगला नोकरदार माणूस, माझा जावई, हे काम खाली वाकून रोज दोनदा करतो. (भारतातून आपला कुत्रा नेण्याची हौस असणाऱ्यांनी घाई करू नये. रेबीजची लस टोचून महिना झाल्यावर रक्ततपासणी, तिच्यानंतर तीन महिने थांबणे आणि परवाना, इतके सोपस्कार आहेत.)

दुसऱ्या दिवशी ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडीत गेलो. उंची २,४६९ मीटर. जुलै संपत आला होता, तरी सावलीला बर्फ होते. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी स्थापन केलेली धर्मशाळा तिथे अजून उभी आहे. बर्फात वाट चुकलेल्यांना शोधणारे ते थोर कुत्रे इथलेच. गळ्यात ब्रँडीचे पिंप बांधलेला कुत्रा आपण चित्रांत पाहतो, तो मात्र चित्रकाराचा खेळ. लँडसीअर नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८२० साली ते पिंप रंगवले आणि तेव्हापासून ते कुत्र्यांच्या गळ्यात पडले. त्यांतला सर्वांत नामांकित बॅरी. त्याने चाळीसांहून अधिक जीव वाचवले असे सांगतात. त्याचे म्हातारपण बर्न शहरात गेले आणि १८१४ साली तो तिथेच वारला. आता हे काम हेलिकॉप्टरे करतात. कुत्र्यांचा सांभाळ २००५ पासून मार्तिन्यीची एक संस्था करते आणि उन्हाळ्यात त्यांतले काही खिंडीत मुक्कामाला येतात. ते अवाढव्य कुत्रे पाहून मोती माझ्या मागे दडला. माझ्या मागे! मला हसू आवरेना.

खरी कसोटी चौथ्या दिवशी आली. शांपेहून आर्पेतच्या खोऱ्याकडे एक वाट जाते. तिच्या कडेने डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट झुळझुळत असतो. चढ बेताचा, त्यामुळे माझे गुडघेही कुरकुरले नाहीत. पुढे कुरण लागले आणि तिथे एराँ जातीच्या गायी. काळ्या, ठेंगण्या, आडव्या बांध्याच्या. या गायी आपसांत झुंजून आपली राणी ठरवतात. एकीच्या मागे वासरू होते. लेक फोटो काढत मागे राहिली होती आणि मोतीचा पट्टा माझ्या हातात होता. वासराच्या आईने मान खाली घातली आणि सरळ आमच्याकडे चालू लागली. मागून आणखी दोघी.

मी पट्टा घट्ट आवळून मोतीला जवळ ओढले. तेवढ्यात लेकीची हाक आली, "आई, सोड त्याला! पट्टा सोड!"

गाय बहुधा कुत्र्यावर धावते, माणसावर नाही. कुत्रा मोकळा सुटला तर पळून जातो. धरून ठेवला, तर दोघेही सापडतात. हे वाटेवरच्या फलकावर लिहिलेले होते आणि सकाळी मला वाचूनही दाखवले होते. तरी माझी मूठ सुटेना. ज्याच्या जातीला मी साठ वर्षे भ्याले, त्याच्यासाठी माझा जीव घाबरला होता. कशी कोण जाणे, बोटे उघडली. मोती सुसाट निघाला, गायी त्याच्या मागे. एक मोठा वळसा घालून तो कुंपणाच्या तारेखालून पलीकडे गेला आणि जीभ काढून उभा राहिला. मी तिथेच गवतात बसले. लेक जवळ आली, तर तिला म्हटले, "आधी त्याला पाणी पाज."

१ ऑगस्ट हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. शांपेला आमची ती शेवटचीच रात्र होती. अंधार पडताच तळ्याकाठी मुले फटाके उडवू लागली. अगदी आपली दिवाळी. लेक-जावई गंमत पाहायला गेले होते. पहिला बार झाला आणि मोती माझ्या खोलीत शिरला, तो थेट पलंगाखाली. कोपऱ्यात अंग चोरून थरथरत बसला. हाक मारली तरी येईना.

मी खिडकी लावली, पडदे ओढले आणि खाली जमिनीवर सतरंजीशिवायच बसले. त्याला बाहेर ओढले नाही. हात तेवढा आत घातला. बऱ्याच वेळाने त्याने आपले ओले नाक माझ्या तळव्यावर टेकवले आणि लेक-जावई परत येईपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.