हेल्मेट, सिग्नल आणि ह्यूमची होडी

माझा भाचा बेंगळुरूत नोकरीला आहे. तिथं तो हेल्मेटशिवाय गाडीला किल्ली लावत नाही. सुट्टीला कोल्हापुरात आला की हेल्मेट माडीवर आणि स्वारी ट्रिपल सीट रंकाळ्यावर! विचारलं तर म्हणतो, "मामा, इथनं इथंच तर जायचंय की." आता कायदा बदलला का? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेटचं, १२८ मागे एकालाच बसवण्याचं. कागलच्या अलीकडे तेच, पलीकडेही तेच. माणूसही तोच.

म्हणून "कोल्हापूरकर मुळातच रांगडा" हे उत्तर मला पटत नाही. (तालमीतला गडी शिस्त पाळतोच की!) डेव्हिड ह्यूमनं १७४० मध्ये होडीचा दाखला दिलाय. दोघं वल्ही मारतात, एकमेकांना वचन दिलेलं नसतं, तरी ताल जमतो. दुसराही मारणार या भरवशावर. सिग्नल असाच चालतो. दाभोळकर कॉर्नरला तुम्ही लाल दिव्याला थांबलात आणि मागचा हॉर्न मारू लागला, की तो भरवसा मोडलाच समजा. तिथं एकट्यानं नियम पाळणं खरंच अवघड होतं, आणि दंडाचं काम हा भरवसा पुन्हा बसवण्याचं. हेल्मेटचं तसं नाही. सगळा गाव बोडका फिरला तरी तुमचं हेल्मेट तुमचं डोकं राखतंच. "सगळेच असं करतात" ही सबब सिग्नलला थोडीफार चालेल, इथं अजिबात नाही.

हे भाच्याला सांगितलं. हेल्मेट माडीवरून खाली आलं. ट्रिपल सीटचं बोलणं अजून चालू आहे.