झाडावरून उतरण्याची विद्या

वणवा लहान असतानाच विझवावा, हे कुणालाही कळतं. अडचण असते ती तिथवर पोहोचण्याची. आयडाहो-मोंटानाच्या डोंगरांत वीज पडून एखादं झाड धुमसू लागलं, की वनखात्याच्या माणसांना पायी किंवा खेचरांवरून जायला कधी कधी दिवस उलटून जाई. १९३५ पासून तर अमेरिकी वनखात्याचा दंडकच होता की आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात यायला हवी. हुकूम काढणाऱ्याला चालत जायचं नव्हतं.

१९३९ च्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यात विन्थ्रॉपला विमानातून पॅराशूटने माणसं जंगलात उतरवून पाहिली. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९४० ला, रूफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली यांनी आयडाहोतल्या नेझ पर्स जंगलात आगीवर पहिल्या उड्या टाकल्या. कूलीच्या पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ पडला आणि तो स्प्रूसच्या एका उंच झाडात जाऊन अडकला. तिथून उतरला आणि कामाला लागला.

हे अडकणं म्हणजे या पेशातला नित्यनेम. सैनिकाला उतरायला मोकळं मैदान लागतं. वणव्यावर जाणाऱ्याला ते मिळतंच असं नाही, आणि खडकापेक्षा झाड केव्हाही बरं. म्हणून त्याचा पोशाखही वेगळा. सुरुवातीच्या काळात जाड कॅनव्हासचा अस्तर भरलेला अंगरखा, मानेला उभी कॉलर, डोक्यावर फुटबॉलचं शिरस्त्राण आणि तोंडासमोर तारेची जाळी. पायाजवळच्या मोठ्या खिशात दोर. झाडात लोंबकळत असताना तो दोर अंगावरच्या कड्यांतून ओवायचा, अडकलेल्या पॅराशूटच्या पट्ट्यांना बांधायचा, गाठ ओढून बघायची आणि मगच खांद्यावरचे आकडे सोडायचे. क्रम चुकला तर संपलं. प्रशिक्षणात उडीइतकाच घाम या उतरण्यावर गाळतात.

अमेरिकी फौजेतला मेजर विल्यम ली १९४० च्या जूनमध्ये मोंटानातलं हे प्रशिक्षण पाहून गेला. फौजेच्या पहिल्या चाचणी पलटणीची उडी पडली ऑगस्टमध्ये, म्हणजे वनखात्यानंतर. युद्धकथांत हे फारसं येत नाही.

१९४५ मध्ये मात्र फौज जंगलात आली. जपानने वाऱ्यावर सोडलेल्या फुग्यांच्या बाँबनी वणवे पेटतील, या धास्तीने ५५५ वी पॅराशूट बटालियन ऑरेगॉनला धाडली. सगळे कृष्णवर्णीय सैनिक. युरोपात लढायची तयारी करून बसलेले. त्यांना झाडावरून उतरायला वनखात्याने शिकवलं. बाराशेहून अधिक उड्या झाल्या. ६ ऑगस्टला माल्विन ब्राउन हा वैद्यकीय मदतनीस झाडावरून उतरताना पडून गेला. त्याच दिवशी हिरोशिमावर अणुबाँब पडला. ब्राउनची बातमी कोण छापणार?

वणव्यावर उडी टाकणाऱ्यांच्या तळावर गेलात तर शिवणयंत्रांची खडखड ऐकू येते. फाटलेलं पॅराशूट, पट्टे, पिशव्या, अंगरखे हे सगळं उडी टाकणारेच शिवतात. सुरुवातीच्या काळात पॅराशूटचा जाणकार फ्रँक डेरी याने कापडातच चिरा ठेवून त्याला वळवायची सोय केली, तीही अशाच खटाटोपातून. धिप्पाड गडी मान खाली घालून टाके घालताना दिसतो, आणि टाका कच्चा असला की शेजारचा तो सरळ उसवतो.

उडी मिनिट-दोन मिनिटांत आटोपते. पुढे कुदळ-कुऱ्हाड घेऊन आगीभोवती माती उघडी करायची, राखेत हात घालून निखारा उरला का ते चाचपायचं. मग पॅराशूटसकट सगळा बोजा पाठीवर टाकून रस्ता गाठायचा. हा बोजा पन्नास किलोच्या घरात जातो, आणि उतरायला विमान असलं तरी परतताना अनेकदा पायीच.