बिबट्याचा गळा, बाबूची मांडी

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अंगावर सेन्सर वागवणाऱ्यांत सगळ्यात जास्त नाव कमावलं ते एका बिबट्यानं. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेया यांच्या पथकानं गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या सुमारे 120 किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात! नाव मात्र ‘आजोबा’.

माणसाची गंमत उलटी आहे. आजोबा कुठं गेला हे शोधायचं होतं. कचेरीतला बाबू कुठंच जात नाही, हे मोजायचं असतं.

त्यासाठी मनगटावरचं घड्याळ फारसं कामाचं नाही. ते हात हलला की खूश. बसून कणीक मळा, चार पावलं पदरात पडतील. नगर-मनमाड रस्त्यावरचे खड्डेही कधीकधी ‘चालणं’ म्हणून खपून जातात. म्हणून संशोधक सेन्सर चिकटवतात मांडीवर. बसलं की मांडी आडवी, उठलं की उभी. यंत्राला एवढा कोन पुरतो. साहेब दिसताच अदबीनं उठलात, तर तीही नोंद होते.

झोपेला मात्र माफी! शास्त्राच्या हिशेबात ‘बैठं’ म्हणजे जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं पडून, 1.5 मेटपर्यंत ऊर्जा खर्च करणं. स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च म्हणजे 1 मेट. त्यामुळे दुपारी टेबलावर खरोखर डोळा लागला, तर तेवढा वेळ हिशेबातून वजा. नुसते डोळे मिटून पडलात, तर धरला जातो.

बसण्याचा हा हिशेब सेन्सरच्याही आधीचा. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर: पुढं बसलेला ड्रायव्हर, मागं उभा कंडक्टर. जवळपास त्याच काळात लंडनमध्ये साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस नेमकी हीच जोडी निरखत होते. तिथल्या कंडक्टरला दुमजली बसचा जिना दिवसभर चढावा-उतरावा लागे. 1953 मध्ये निष्कर्ष छापून आला: हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त. सेन्सर तर सोडाच, मॉरिस यांच्या मंडळींनी पुढं गणवेशाच्या नोंदींतून पँटींची मापं काढली! 1956 चा तो निबंध मला मूळ शोधापेक्षाही आवडतो. ड्रायव्हरांची कंबर प्रत्येक वयात मोठी निघाली, अगदी तरुणांचीसुद्धा. म्हणजे फरक बहुधा नोकरीआधीपासूनचाच; सगळा दोष बिचाऱ्या सीटवर ढकलायचीही सोय राहिली नाही.

किती बसलं तर चालेल? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शनात बसण्याला तासांची मर्यादा घातलीच नाही, तेवढा पुरावा नाही म्हणून. बसणं कमी करा, एवढंच सांगितलं. 2016 मध्ये संशोधकांनी दहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा रोज तास-सव्वा तास झपझप चालणाऱ्यांत आठ तासांच्या बैठकीचा जादा धोका जवळपास पुसला गेलेला दिसला.

इकडं राज्य सरकारनं 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कचेरीची वेळ सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15. शनिवार सुटला, रोजची पाऊण तासाची बैठक वाढली. त्यातही शिपाई फायली घेऊन टेबलाटेबलांवर फिरायचा. लंडनच्या कंडक्टरचा तो आपल्याकडचा भाऊबंद. आता ई-ऑफिसमध्ये फाईल एका क्लिकवर सरकते. पुढचा सेन्सर बाबूच्या नव्हे, शिपायाच्या मांडीला बांधून बघायला हवा.