दारात आलेला सिंह

ठाण्यातल्या नव्या चायनीज रेस्टॉरंटच्या उद्घाटनाचा व्हिडिओ आठवडाभर मोबाइलवर फिरतोय. ढोल, झांजा, लाल कागदांचा खच आणि दुकानाच्या दारात उड्या मारणारा एक झिपरा प्राणी. बहुतेकांनी तो ‘ड्रॅगन’ म्हणून पुढे पाठवला. त्या सकाळी निमंत्रितांमध्ये मीही होते, म्हणून आधी एवढं सांगते: तो सिंह होता. ड्रॅगन लांबलचक असतो आणि काठ्यांवर उचलून त्याला नाचवायला माणसांची अख्खी रांग लागते. सिंहात माणसं दोनच. एक डोक्याखाली, दुसरा कमरेत वाकून मागच्या अंगात.

सिंह हा चीनचा प्राणी नव्हेच. हान राजवटीच्या काळात पश्चिमेकडच्या राज्यांनी दरबाराला भेटीदाखल सिंह पाठवले. पुढे बौद्ध धर्माबरोबर तो मंजुश्री या बोधिसत्त्वाचं वाहन म्हणूनही तिथे पोचला. सामान्य माणसाच्या नजरेला तो कधी पडला नव्हता, त्यामुळे लोकांनी त्याला मनासारखं घडवलं. डोक्यावर शिंग दिलं, कपाळावर आरसा बसवला. अशुभानं आपलंच रूप बघून पळ काढावा, हा आरशामागचा विचार. बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि कापड चढवून हे डोकं तयार होतं, आणि आतून दोऱ्या ओढल्या की पापण्या मिटतात, कान हलतात.

पण नवा सिंह आणला आणि नाचवला, असं होत नाही. आधी कुंचल्यानं लाल रंग घेऊन त्याच्या डोळ्यांत ठिपका देतात. तोवर ते नुसतं कागदाचं डोकं असतं. आपल्याकडे मूर्तीत प्राण आणतात, तसाच हा विधी. तो मालकांच्या घरातल्या आजीच्या हातून झाला. हात थरथरत होता, पण ठिपका नेमका पडला.

नंतरचा अर्धा तास माझी नजर सिंहापेक्षा ढोलवाल्यावर जास्त होती. कोलकात्याच्या टांगऱ्याहून आलेला मध्यमवयीन माणूस, समोर उभा मांडलेला एकच मोठा ढोल. ढोल-ताशाचं पथक ऐकत वाढलेल्या माणसाला वाटतं की वादक ठेका धरतात आणि नाचणारे त्यावर नाचतात. इथे वादकाचे डोळे सिंहाच्या डोक्यावरून क्षणभरही हलत नव्हते. सिंह बिचकला की काठ्या ढोलाच्या कडेवर हलकेच सरकायच्या, त्यानं झेप घेतली की चामड्यावर पूर्ण जोरात. डोक्याखालच्या पोराला समोरचं जेमतेम दिसतं, मागच्याला तर फक्त पुढच्याचे पाय. सिंहाला भीती वाटते, भूक लागते, मोह होतो, हे बघणाऱ्याला कळतं ते ढोलामुळे. हा माणूस नसता तर आम्ही दोन घामाघूम पोरं बघितली असती.

दारावर लेट्यूसचा गड्डा टांगलेला होता, त्याला लाल पाकीट बांधलेलं. सिंह जवळ जातो, हुंगतो, दचकून मागे येतो. हे मुद्दाम लांबवतात. शेवटी पुढचा पोरगा मागच्याच्या मांड्यांवर उभा राहिला आणि गड्डा तोंडात गेला. पाकीट पोटात राहतं, ती पथकाची बिदागी. पानं मात्र फाडून मालकांच्या आणि पाहुण्यांच्या अंगावर फेकली जातात, कारण आलेलं सुदैव एकट्यानं खायचं नसतं. माझ्या खांद्यावरही एक पान पडलं आणि मला मनापासून आनंद झाला.

मग सिंह आत शिरला आणि गल्ल्याजवळच्या देव्हाऱ्यापुढे तीनदा वाकला. तिथे लाल चेहऱ्याचे, लांब दाढीचे ग्वान गोंग आहेत. हान साम्राज्याच्या अखेरीचे हे सेनापती, दिल्या शब्दाला जागणारे म्हणून पुजले जातात. लढवय्या माणूस हॉटेलात कशाला, असं वाटेल. पण धंदा उधारीवर आणि भागीदारीवर चालतो, तिथे असा साक्षीदार हवाच. माझगावात डॉकयार्ड रोडजवळ याच देवाचं मंदिर 1919पासून उभं आहे. ते ग्वांगडोंगच्या चार परगण्यांतून आलेल्या लोकांनी बांधलं. मुंबईत आयुष्य गेलेल्या कितीतरी वाचकांनी ते पाहिलेलं नसेल.

एका दुकानाच्या उद्घाटनाला मी एवढी जागा देतेय, त्याला कारण आहे. आपल्या गल्लोगल्ली चायनीजच्या गाड्या आहेत, शेजवान चटणी डोशातही गेली आणि वडापावातही. हे खाणं ज्यांनी घडवलं ते भारतीय चिनी मात्र आपल्याला दिसेनासे झाले. 1962च्या भारत-चीन युद्धानंतर त्यांतल्या सुमारे 3000 लोकांना, लहान मुलांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले अनेक इथेच जन्मलेले होते. सुटून आल्यावर कित्येकांची घरं-दुकानं हातची गेलेली होती. पुष्कळ कुटुंबं कॅनडाला निघून गेली. टांगऱ्यातल्या हाक्का चिनी लोकांचा पिढीजात धंदा कातडी कमावण्याचा. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं ते कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितल्यावर अनेकांनी हॉटेलं काढली. मुंबईत मंचुरियन रुजवणारे नेल्सन वांगही कोलकात्यातच जन्मले. ज्या समाजानं एकेकाळी मान खाली घालून दिवस काढले, त्याच समाजातल्या एका घरानं भर रस्त्यावर ढोल बडवत दुकान उघडलं. मला यात साध्या जाहिरातीपेक्षा फार मोठं काही दिसतं.

एक तक्रार मात्र आहे. पाहुण्यांसाठी आतल्या खोलीत घरचं जेवण होतं: खारवलेल्या मोहरीच्या पाल्यात मुरलेलं डुकराचं मांस, सारण भरलेलं टोफू, आल्याच्या चटणीबरोबर उकडलेली कोंबडी. कॉर्नफ्लोअर नाही, लाल रंग नाही. यातलं काहीही मेनूकार्डावर नाही. ठाण्याची माणसं मागवणार नाहीत, असं मालकांना वाटतं. मला वाटतं, एकदा पहिल्या पानावर छापून तर बघा. मी तर पुढच्या खेपेला कार्ड न उघडताच तो मोहरीचा पाला मागणार आहे.