फेरीची मोटारसायकल : सीट आणि शॉकअपवर खर्च करण्यापूर्वी

मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणाहून कपडा उचलून खेड्यापाड्यांत फेरी करणाऱ्या आपल्या तरुणांच्या हाती आता सायकलऐवजी मोटारसायकल आहे. बहुतेकांकडे शंभर ते सव्वाशे सीसीची गाडी असते. पाठीमागे साड्यांचा आणि ड्रेस मटेरियलचा गठ्ठा बांधलेला असतो. सकाळी फजरनंतर निघायचे, तीन-चार गावे करायची आणि मगरिबच्या सुमारास परतायचे, असा दिनक्रम असतो. दोन-तीन वर्षांत कंबर धरते. मग हा तरुण सीटवाल्याकडे जातो आणि "जाड नि मऊ सीट बनवून दे" असे सांगतो. पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते, कारण बहुतेक वेळा दोष सीटमध्ये नसतोच. तो मागच्या शॉकअपच्या जुळणीत आणि गठ्ठा बांधण्याच्या पद्धतीत असतो.

आधी वजनाचा हिशेब पाहू. चारशे ग्रॅमची साडी धरली तर शंभर साड्यांचा माल चाळीस किलो होतो. चालक पासष्ट-सत्तर किलोचा. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांची वजन वाहण्याची मर्यादा १३० किलोच्या आसपास असते आणि त्यात चालक, माल आणि मागे बसणारा माणूस हे सारे आले. म्हणजे चाळीस किलोच्या गठ्ठ्यासह धाकट्या भावालाही बसवले तर मर्यादा ओलांडली. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तकात पाहावा. कोणतीही महाग शॉकअप घातली तरी ही मर्यादा वाढत नाही. सांगाडा, चाकाच्या तारा, ब्रेक आणि टायर तेच राहतात.

वजनाइतकेच महत्त्व ते कोठे ठेवले याला आहे. मागच्या चाकाचा आस हा तराजूच्या काट्यासारखा समजावा. त्याच्या मागे लटकलेला प्रत्येक किलो पुढचे चाक उचलू पाहतो. गाडीचे शेपूट खाली बसते, हॅन्डल हलके पडते, वेगात थरथरू लागते आणि रात्री दिव्याचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ज्याला आपण "गाडी बॅलन्स धरत नाही" म्हणतो, ते पुष्कळदा हेच असते. गठ्ठा सीटवर शक्य तितका पुढे, चालकाच्या पाठीजवळ आणि सखल बांधावा. कॅरियर मागे लांब काढून त्यावर माल रचण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही.

आता शॉकअप. त्यात दोन कामगार आहेत. स्प्रिंग वजन पेलते आणि आतले तेल स्प्रिंगची उसळी आवरते. खड्ड्यात दाबलेली स्प्रिंग जोराने परत उघडते तेव्हा तेल बारीक छिद्रांतून जाताना तिला रोखते. तेल गळून गेले की उरतो तो फक्त झोपाळा. तपासणी सोपी आहे. गाडी उभी असताना मागची बाजू दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावी. ती वर येऊन एकदम स्थिरावली तर शॉकअप जिवंत आहे. दोन-तीनदा खालीवर झाली, किंवा दांड्यावर तेलाचा ओलसर मळ दिसला, तर ती संपली आहे.

स्प्रिंगच्या एका टोकाला खाचांची कडी असते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत पाच खाचा दिलेल्या असतात. गाडी नवी घेतल्यापासून त्या कडीला हात न लावलेले लोक मी रोज पाहतो. एकटा चालक असेल तर पहिली-दुसरी खाच पुरते. माल असेल तर कडी पुढच्या खाचेवर घ्यावी. हे काम टूल किटमधल्या वाकड्या पान्याने पाच मिनिटांत होते. दोन्ही बाजूंची खाच एकच हवी, नाही तर मागचा चिमटा पिळला जातो. एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. खाच चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तिला अगोदरच थोडे दाबून ठेवले जाते, म्हणून खाली बसलेली गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येते.

किती खाच हे अंदाजाने ठरवू नये, टेपने मोजावे. आपल्या दुकानात टेप असतोच. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग रोजच्या मालासह स्वतः बसावे, गाडी स्टँडवरून उतरवावी आणि दुसऱ्याकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्यावे. दोहोंतील फरक म्हणजे गाडी किती दबली ते. या गाड्यांच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल साधारण आठ ते अकरा सेंटिमीटर असते. त्यातील सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे अडीच ते साडेतीन सेंटिमीटर, दबाव ठीक आहे. पाच-सहावर गेला तर खड्ड्यासाठी जागाच उरत नाही. शॉकअप तळाला आदळते आणि तो दणका सरळ कमरेच्या मणक्यात येतो. त्यावर सहा इंचांचा फोम टाकला तरी उपयोग नाही. शेवटच्या खाचेवरही दबाव जास्तच राहिला, तर आधी माल कमी करावा. माल मर्यादेत असूनही दबाव जास्तच असेल तरच कडक स्प्रिंगची जोडी शोधावी.

नवी शॉकअप घेताना जोडीनेच घ्यावी, एक कधीच बदलू नये. लांबी जुन्याइतकीच असावी. लांब घेतली तर मागची बाजू उचलली जाते, हॅन्डल चपळ होते, चेनचा ताण बदलतो आणि साइड स्टँडवर गाडी फार कलते. बाजारात बाजूला डबी असलेल्या "गॅसच्या" शॉकअप मिळतात. खऱ्या गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, म्हणून लांबच्या खराब रस्त्यावर ती थकत नाही. पण स्वस्त मालात ही डबी पुष्कळदा शोभेचीच असते. त्यापेक्षा कंपनीची साधी जोडी बरी. जुनी शॉकअप "तेल भरून" देणाऱ्यांचे काम चार दिवस टिकते. बंद केलेली वस्तू उघडून पुन्हा तशीच बंद करणे रस्त्यावरच्या हत्यारांनी होत नाही. मेकॅनिककडे गेल्यावर चिमट्याचे बुश आणि हॅन्डलचे बॉल रेसरही हलवून पाहायला सांगावे. ते झिजले असतील तर नव्या शॉकअपचा दोष नसताना तिला दोष दिला जातो.

पुढच्या फोर्कमध्ये फेरीवाल्याने फारसे काही करू नये. तेल वेळेवर बदलावे आणि ते दोन्ही नळ्यांत मापाने सारखे घालावे. सील गळत असेल तर ते बदलावे.

एवढे झाल्यावरही दुखत असेल तर सीट पाहावी. माणूस खरा बसतो तो बैठकीच्या दोन हाडांवर. फार मऊ फोममध्ये ही हाडे बुडून तळाच्या पत्र्याला टेकतात आणि पाऊण तासानंतर मुंग्या येऊ लागतात. दुकानात अंगठ्याने दाबून मऊ लागलेली सीट रस्त्यावर आरामाची असेलच असे नाही. सीटची मागची बाजू रुंद, पुढची अरुंद आणि बैठक जवळपास सपाट असावी. पुढे उतार असेल तर माणूस टाकीवर घसरत राहतो आणि सारा भार मनगटांवर येतो. दोन इंच उंची वाढवली तर मालासह थांबताना पाय पुरे टेकत नाहीत आणि आडवी होणारी गाडी सावरता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फोमची प्रत म्हणजे त्याची घनता. कपड्यात जसे आपण हाताला जाड लागतो म्हणून भाव देत नाही, वजन पाहतो, तसेच इथे करावे. सीटवाला "पन्नासचा फोम आहे" म्हणाला तर त्याचा अर्थ एका घनमीटरला पन्नास किलो. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच तुकडा पन्नास ग्रॅम भरला पाहिजे. पातळ तुकड्यांच्या थप्प्या लावूनही चालेल. घरच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे कळते. अठ्ठावीस-तीस ग्रॅम भरला तर तो साध्या गादीचा फोम, काही महिन्यांत बसणार. सूरह मुतफ्फिफीन माप-तोलात कमी देणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. तेव्हा तोलून मागण्यात संकोच कसला? कंपनीचा साच्यातला फोम शाबूत असेल तर तो फेकू नये. त्यावरच बैठकीच्या जागी चांगल्या फोमचा एक थर चिकटवून आकार दुरुस्त करावा.

वरचे कव्हर हा आपल्या धंद्याचा विषय. रेक्झिन घेताना तुकडा उलटून पाठ पाहावी. पाठीला विणलेले होजिअरीचे अस्तर असेल तर ते दोन्ही अंगांनी ताणले जाते आणि सीटच्या वळणावर सुरकुती पडत नाही. ताग्याच्या ताण्या-बाण्याचे सुती अस्तर कोपऱ्यावर फाटते. बसण्याच्या जागी शिलाई येऊ देऊ नये. सुईचे प्रत्येक छिद्र पावसाळ्यात पाणी आत घेते आणि भिजलेला फोम आठ-आठ दिवस वाळत नाही. नक्षीदार चौकड्यांची शिलाई दिसायला सुंदर, पण जुलैत तिची किंमत कळते. रेक्झिनखाली प्लास्टिकचा पातळ कागद घालून घ्यावा.

जाळीचे कव्हर मात्र उन्हाळ्यासाठी खरेच चांगले. हे कापड म्हणजे वर-खाली दोन विणलेल्या जाळ्या आणि त्यांना जोडणारे ताठ नायलॉन किंवा पॉलिस्टरचे उभे धागे. हे उभे धागे दबून परत उठतात, म्हणून मधून हवा खेळते आणि घामाने कपडा अंगाला चिकटत नाही. पारख अशी की मूठ आवळून पाच मिनिटे दाबावे. सोडल्यावर लगेच उठले तर माल चांगला, चपटे राहिले तर घेऊ नये. जेलची गादी याउलट दुपारी उन्हात तापते आणि तापलेलीच राहते. बाजारात दिवसभर गाडी उन्हात उभी करणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

सीट लांब करताना मागच्या माणसाची पकडण्याची दांडी आणि चाकावरची जाळी काढू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे दोन्ही आवश्यक आहेत. बुरखा किंवा ओढणी चाकात अडकण्यापासून वाचवते ती हीच जाळी. २०२० मध्ये याच नियमात मालाच्या हलक्या पेटीची मापे घालून दिली गेली : लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५००. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर बसवली तर दुसरा माणूस बसवता येत नाही. गठ्ठ्याऐवजी पेटी करून घेणाऱ्यांनी सुताराला किंवा फॅब्रिकेशनवाल्याला हीच मापे द्यावीत आणि पेटीचा पुढचा काठ आपल्या पाठीपासून चार बोटांवर येईल असे कॅरियरचे बोल्ट लावून घ्यावेत.